गाडी रुळावर आहे हे सिग्नलला कळतं कसं? (सोबत पहाटे चारचं एक कोडं)

जुना_सिग्नलवाला
सोमवार, रात्री ९:४०

शेजारच्या दहावीतल्या मुलाने परवा जिन्यातच गाठलं. "आजोबा, तुम्ही रेल्वेत सिग्नलला होतात ना? लोकल पुढे गेली की मागचा सिग्नल लगेच लाल होतो, तो कोण करतं?" म्हटलं, लोकलच करते. त्याला वाटलं म्हातारा टिंगल करतोय.

मग घरात बसवला. टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि सौ.च्या दोन लोखंडी विणायच्या सुया. सुया टेबलावर समांतर ठेवल्या, एका टोकाला सेल जोडला, दुसऱ्या टोकाला बल्ब. बल्ब लागला. मधे चमचा आडवा ठेवला. बल्ब विझला. चमचा उचलला, बल्ब परत लागला. पोरगं म्हणालं, "एवढंच?" एवढंच. सुया म्हणजे रूळ, चमचा म्हणजे गाडीचा आस. (चमचा फार वेळ ठेवू नका, सेल तापतो. याच कारणासाठी खऱ्या ट्रॅकवर बॅटरीच्या पुढे एक रेझिस्टन्स टाकलेला असतो.)

खऱ्या रुळावर बल्बच्या जागी रिले, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी स्विच असतो. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विजेच्या दृष्टीने बाजूच्या रुळापासून तोडलेला, त्या सांध्याला आम्ही ब्लॉक जॉइंट म्हणतो. एका टोकाला फीड एंड, म्हणजे दोन-चार व्होल्टची बॅटरी. दुसऱ्या टोकाला रिले एंड. करंट एका रुळाने जातो, रिलेच्या कॉइलमधून फिरतो, दुसऱ्या रुळाने परत येतो. तोवर रिले पट्टी उचलून धरतो, याला पिकअप म्हणायचं. गाडीचं पहिलं चाक आत आलं की करंटला रिलेपर्यंत जायची गरजच उरत नाही, तो आसातूनच परत फिरतो. रिले उपाशी पडतो आणि पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. ड्रॉप. पट्टी पडली की सिग्नलची हिरवी वाट तुटते.

आता गंमत बघा. बॅटरी संपली तरी रिले पडतो. वायर तुटली तरी पडतो. रूळ मधेच तुटून वेगळा झाला तरी पडतो. रिलेला गाडी दिसतच नसते. त्याला फक्त एवढंच कळतं की करंट येतोय किंवा येत नाहीये. येत नसेल तर तो गाडी आहे असं धरून चालतो.

हे डोकं विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाचं. त्याने आधी उलटी रचना करून पाहिली होती. गाडी आली की करंट सुरू होणार आणि सिग्नल धोका दाखवणार. चालली छान. पण वायर तुटली किंवा बॅटरी बसली तर गाडी उभी असूनही सिग्नल 'या' म्हणणार. ही खोट त्याच्या लक्षात आली आणि त्याने सगळं फिरवलं, करंट कायम चालू ठेवला. २० ऑगस्ट १८७२ रोजी पेटंट मिळालं. पेनसिल्व्हेनियात किन्झुआ नावाच्या ठिकाणी हे बसवलं गेलं. या रचनेला ट्रॅक सर्किट म्हणतात, आम्ही नुसतं 'ट्रॅक' म्हणतो. आज दीडशे वर्षांनी आपल्या यार्डातला साधा डीसी ट्रॅक मुळात तोच आहे.

आता कोडं. माझ्या नोकरीतलं, खरं घडलेलं. उत्तर महाराष्ट्रातलं एक स्टेशन, नाव राहू द्या. डिसेंबर महिना. तीन नंबर लूपचा (मुख्य लाइनीतून फुटून परत तिलाच मिळणाऱ्या लाइनीचा) ट्रॅक रोज पहाटे चारच्या सुमारास फेल व्हायचा. स्टेशन मास्तरच्या पॅनेलवर लाल पट्टी (म्हणजे गाडी आहे), रुळावर चिटपाखरू नाही. फोन आला की मी आणि खलाशी (आमचा मदतनीस) जाणार, तोवर उजाडणार, नऊ वाजता ट्रॅक आपला आपण बरा. शेजारच्या दोन आणि चार नंबरला काहीही नाही. आणखी एक: फेल असतानाच त्यावरून मालगाडी नेली, तर गाडी गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं ट्रॅक चांगला चालायचा, मग परत लाल.

कारण काय? गूगल करून मिळणार नाही.

---

आठ_सत्तावीस
सोमवार, रात्री १०:१५

लेख मस्त. सुया-चमचा उद्या मुलीला दाखवतो.

बालिश प्रश्न आहे, पण विचारतोच. मी एक पाय या रुळावर आणि एक त्या रुळावर ठेवला तर सिग्नल लाल होईल का? डोंबिवलीला वीस वर्षं उभं राहून हा प्रश्न पडलाय.

---

ओहमची_सून
सोमवार, रात्री १०:३२

नाही होणार, अंगाचा रेझिस्टन्स हजारो ओहम असतो. आणि ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर आहे, तेवढे पाय फाकवायला योगवर्ग लावावा लागेल.

कोड्यावर माझा अंदाज: दव. पहाटे खडी आणि स्लीपर ओलसर होतात, एका रुळातून दुसऱ्या रुळात करंट गळतो, रिलेला कमी पोचतो. उन्हाने वाळलं की बरं.

---

जुना_सिग्नलवाला
सोमवार, रात्री १०:५८

@आठ_सत्तावीस, सूनबाई म्हणतात ते बरोबर. आमची चाचणीच अशी असते की अर्ध्या ओहमचा रेझिस्टन्स दोन रुळांवर टाकला की रिले पडलाच पाहिजे. माणूस त्या हिशेबात येत नाही. मात्र लोखंडी सळई, पहार, गँगवाल्यांची (रूळ दुरुस्त करणाऱ्यांची) विसरलेली पट्टी, यांनी सहज पडतो. आणि हो, रुळात उतरून प्रयोग करू नका. विजेच्या गाड्यांचा परतीचा करंटही रुळातूनच जातो, तो काही दोन व्होल्टचा पाळीव करंट नाही.

उलट गंमत सांगतो. आमची तपासणीची ढकलगाडी, ज्याला सगळे ट्रॉली म्हणतात, तिची चाकं मुद्दाम इन्सुलेटेड असतात. ट्रॅकला ती दिसतच नाही. म्हणून ट्रॉलीवाल्याचं रक्षण सिग्नल करत नाही, लाल झेंडीवालाच करतो.

@ओहमची_सून, दव हा पहिला अंदाज आमच्या साहेबांचाही होता. खडीतून होणारी गळती हा ट्रॅकचा जन्माचा शत्रू आहे. स्टेशन यार्डात एका किलोमीटरला निदान २ ओहम आणि बाहेर, दोन स्टेशनांमधल्या सेक्शनमध्ये ४ ओहम एवढा खडीचा रेझिस्टन्स धरतात. यावरून कळेल की किती थोडक्यावर आमचा संसार चालतो. पण दव पडलं तर दोन आणि चार नंबरवरही पडेल ना? तिन्ही लाइनींची खडी एकाच दिवशी चाळलेली होती. शिवाय त्या भागातली डिसेंबरची हवा म्हणजे ओठ फुटतात अशी कोरडी. नापास.

---

बंड्या_बाणेरकर
मंगळवार, सकाळी ७:०५

उंदीर. पहाटे चारला ड्यूटीवर येतात, नऊला सुटतात. रेल्वेचेच असणार.

---

मास्तरांची_लेक
मंगळवार, दुपारी १:२०

बाबा स्टेशन मास्तर होते. लहानपणी रात्रपाळीला त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा पॅनेलसमोर स्टुलावर बसायला मिळायचं. यार्डाचा नकाशा, त्यावर छोट्या पट्ट्या. रूट लागला की पांढऱ्या दिव्यांची रांग, आणि गाडी आली की त्याच पट्ट्या एकेक करून लाल होत सरकायच्या. मुंगीसारखी गाडी. मागच्या पट्ट्या विझत जायच्या. बाहेर धडधड ऐकू यायची ती नंतर.

बाबा म्हणायचे, लाल पट्टी सरकली तर गाडी, आणि बसून राहिली तर सिग्नलवाल्याला उठवा.

त्यांच्या उमेदीच्या काळातल्या लहान स्टेशनांवर हे काही नव्हतं. लाइन रिकामी आहे का हे पॉइंट्समन बघून येणार, आणि गाडी पूर्ण आली की नाही हे शेवटच्या डब्यामागची 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल) पाटी बघून ठरवणार. पाटी दिसली नाही म्हणजे गाडी मधेच तुटून काही डबे मागे राहिले असू शकतात. रात्री त्या जागी लाल दिवा. एकदा तो दिवा विझलेला होता तर बाबांनी पुढच्या स्टेशनला गाडी थांबवायला लावली होती, तो किस्सा दर दिवाळीला ऐकलाय.

---

जुना_सिग्नलवाला
मंगळवार, दुपारी ३:०२

वा, मुंगीसारखी गाडी! आणि तुमच्या बाबांनी आम्हाला किती वेळा उठवलं असेल देव जाणे.

@बंड्या, हसण्यावारी नेऊ नका, उंदरांनी केबल खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. पण उंदराने कुरतडलेली वायर नऊ वाजता जुळत नाही.

---

थेम्सकाठी
मंगळवार, संध्या. ६:४७

इथे इंग्लंडमध्ये शरद ऋतूत 'रुळांवर पानं पडल्यामुळे गाड्या उशिरा' अशी घोषणा होते आणि सगळे हसतात. मीही हसायचो. मग कळलं की चाकांखाली चिरडून पानांचा एक कडक काळा थर रुळाच्या माथ्यावर बसतो. त्याने ब्रेक घसरतात हे एक. पण तो थर वीजही नीट जाऊ देत नाही. म्हणजे गाडी उभी आहे, चाकं रुळावर आहेत, आणि चमचा सुईला टेकलेलाच नाही!

यात भर अशी की १९८०च्या दशकात इथे हलक्या डिझेल गाड्या आल्या, डिस्क ब्रेकवाल्या. जुन्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या घेरावरच घासायचे, त्यामुळे चाक आपोआप चकचकीत राहायचं. डिस्क ब्रेकने ते घासणं बंद झालं आणि चाकांवर थर साचू लागला. शेवटी त्या गाड्यांखाली एक उपकरण बसवावं लागलं, ते चाक-रुळाच्या सांध्यात करंट खेळवून थर फोडतं. एका खात्याने सुधारणा केली, दुसऱ्या खात्याला घाम फुटला.

दुसरं म्हणजे लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनचा अपघात. तिथून रोज जातो म्हणून जास्त लागतं. १२ डिसेंबर १९८८, सकाळी आठच्या सुमारास. नवं वायरिंग चालू होतं. रिलेरूममधली एक जुनी वायर काढायची होती. एका टोकाला ती तशीच राहिली आणि दुसरं टोक कापून टाकण्याऐवजी नुसतं वाकवून बाजूला केलं. नंतर शेजारच्या रिलेचं काम करताना ती हलली आणि जुन्या जागी टेकली. ट्रॅकवर गाडी होती, ट्रॅकने आपलं काम केलं, पण सिग्नलला त्या उपऱ्या वायरमधून करंट मिळत राहिला आणि तो लाल झालाच नाही. मागून येणारी गाडी पुढच्या गाडीवर आदळली, ३५ माणसं गेली. चौकशीत निघालं की त्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती.

---

जुना_सिग्नलवाला
मंगळवार, रात्री ९:११

क्लॅपहॅम आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तेव्हापासून मी कापलेल्या वायरचं टोक टेप लावल्याशिवाय सोडलं नाही, आणि खलाशांनी त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा केली.

तेरा आठवड्यांत एक सुट्टी, या वाक्याशी मी नेहमी थबकतो. तपशील सांगत नाही, पण आमच्याकडेही एका ऑफिसात असे महिने गेले आहेत.

गंजाचं तुमच्या पानांसारखंच. ज्या सायडिंगवर आठवडेच्या आठवडे गाडी जात नाही तिथे रुळावर तांबूस थर येतो आणि हलकं इंजिन त्यावर उभं असूनही रिले पडायला कुरकुर करतो. ट्रॅक सर्किटची एवढी एकच चूक मला झोपेत घाबरवायची. रिकामा असताना लाल दाखवला तर शिव्या खाऊ. गाडी असताना रिकामा दाखवला तर...

---

पोटोमॅकपार
बुधवार, पहाटे ४:३० (आमच्याकडे मंगळवारची संध्याकाळ!)

...तर वॉशिंग्टन होतं. मी तेव्हा इथे नवीन होते आणि मेट्रोच्या रेड लाइननेच जायचे.

२२ जून २००९, फोर्ट टॉटन स्टेशनजवळ. इथले ट्रॅक सर्किट साध्या डीसीचे नाहीत, रुळात ऐकू येईल अशा फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडतात. पाठवणारं यंत्र एका टोकाला, ऐकणारं दुसऱ्या. गाडी आली की सिग्नल ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. तत्त्व काकांच्या सुयांचंच. पण त्या जागी पाठवणाऱ्या यंत्रातलं एक बेवारशी कंपन रुळाला वळसा घालून थेट ऐकणाऱ्यात शिरत होतं. गाडी मधे असो-नसो, ऐकणारा खूश. पाचच दिवस आधी तिथला एक सुटा भाग बदलला होता.

अंगावर काटा येतो तो यापुढे. ते पाच दिवस जवळपास प्रत्येक गाडी त्या तुकड्यात शिरली की यंत्रणेच्या लेखी नाहीशी होत होती. पण वेगात असल्याने गडगडत पुढच्या तुकड्यात जायची आणि परत उगवायची. त्या दिवशी एक गाडी हळू होती, ती नेमकी त्या तुकड्यातच थांबली. मागची गाडी स्वयंचलित होती, तिला पुढची वाट मोकळी सांगितली गेली. चालिकेसह नऊ जण गेले. त्यानंतर कित्येक वर्षं इथल्या गाड्या हातानेच चालवत होते.

---

ओहमची_सून
बुधवार, सकाळी ८:५५

बापरे. म्हणजे करंट 'येतोय' हा पुरावा पुरेसा नाही, तो रुळातूनच आलाय का हेही कळायला हवं.

काका, मग आपल्याकडे शेजारच्या ट्रॅकचा करंट ब्लॉक जॉइंट फुटल्यावर या ट्रॅकमध्ये शिरला तर? रिले उचललेलाच राहील की!

---

जुना_सिग्नलवाला
बुधवार, सकाळी ११:३०

नोकरीत असतो तर तुम्हाला लगेच माझ्या गँगमध्ये घेतलं असतं.

यावर जुनी युक्ती आहे. शेजारशेजारच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी ठेवतात. या बाजूला वरचा रूळ प्लस तर पलीकडे मायनस. जॉइंट फुटला की दोन बॅटऱ्या एकमेकींना खाली ओढतात आणि रिले पडतात. म्हणजे जॉइंटचा आजार लाल होऊनच बाहेर येतो. नवीन काम झालं की प्रत्येक जॉइंटवर मीटर लावून हे बघायचं असतं. कंटाळवाणं काम, पण टाळणाऱ्याला मी कधी सोडलं नाही.

तुम्हाला आवडेल असं आणखी एक. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९२८मध्ये व्हीटी-भायखळा स्वयंचलित रंगीत सिग्नल आले. आता गाड्यांचा परतीचा करंट डीसी, तोही रुळातूनच. तिथे ट्रॅक सर्किटही डीसी ठेवलं तर गाडीच्याच करंटने रिले उचलला जायचा. म्हणून तिथे ट्रॅक सर्किट एसी. बाकी देशात २५ हजार व्होल्ट एसीवर गाड्या, म्हणून तिथे ट्रॅक सर्किट डीसी. सवतीसवतींसारखं. मग मुंबईनेही डीसी सोडून एसी घ्यायचं ठरवलं, आणि हार्बरवरचं डीसीही २०१६ साली गेलं. त्या आधी काय काय बदलावं लागलं असेल विचार करा. गाड्या, तारा हे लोकांना दिसलं. रुळांतले जुने एसी ट्रॅकही बाद झाले, त्यांच्या जागी ऑडिओ फ्रिक्वेन्सीवाले आले, पोटोमॅकताईंनी सांगितले त्या जातीचे. ते दोन्ही प्रकारच्या करंटात आपला आवाज ओळखतात, आणि त्यांना रूळ कापून ब्लॉक जॉइंटही करावे लागत नाहीत. त्या कामाला कुणी हार घातले नाहीत.

---

आठ_सत्तावीस
बुधवार, दुपारी १२:१०

मग पावसात कुर्ला-सायनला जे होतं ते काय? आणि खाऊच्या चकचकीत पाकिटांमुळे सिग्नल जातात म्हणतात, ते खरं का?

आणखी एक. लाल सिग्नलला लोकल थांबते, मग कुणी काही न करता लाल असतानाच हळूहळू निघते. मोटरमनची दादागिरी?

---

जुना_सिग्नलवाला
बुधवार, दुपारी १:४५

दादागिरी नाही, नियम. ज्या सिग्नलच्या खांबावर 'ए'ची पाटी असते तो स्वयंचलित. तो लाल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग पुढे धोका आहे असं समजून अगदी हळू, नजरेच्या टप्प्यात थांबता येईल अशा बेताने जायचं. कारण ट्रॅक नुसताच फेल असला तर अख्खी लाइन दिवसभर उभी राहील.

पावसात ट्रॅकचं तळं होतं. साचलेलं पाणी खडीतल्या सगळ्या घाणीसकट एका रुळातून दुसऱ्या रुळात करंट गाळतं, रिले उपाशी, सिग्नल लाल. पाकिटांनी ब्लॉक जॉइंट शॉर्ट झाल्याचं मी स्वतः एकदाच पाहिलंय. त्यांचा खरा उपद्रव म्हणजे गटारं तुंबवतात आणि पाणी हलत नाही. जॉइंटचा खरा वैरी ब्रेकची लोखंडी भुकटी. फलाटाच्या अलीकडे गाड्या ब्रेक लावतात तिथे ती साचते आणि जॉइंटवर पूल बांधते. ब्रशने झाडायची, दर फेरीला.

आणि जेवायच्या वेळेला सांगू नये, पण जुन्या डब्यांच्या संडासांमुळे फलाटाच्या लाइनीवर आमची जी गळती व्हायची ती पावसाच्या तोंडात मारेल अशी. बायो-टॉयलेट आल्यावर सर्वात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर ट्रॅकमन आणि सिग्नलवाल्यांना.

---

बंड्या_बाणेरकर
बुधवार, दुपारी १:५०

बरोबर जेवत होतो. धन्यवाद.

---

थेम्सकाठी
बुधवार, संध्या. ५:३०

हे सगळं टाळायला ॲक्सल काउंटर आहेत ना? रुळाला चिकटवलेले डबे, चाकं मोजतात. जेवढी आत तेवढी बाहेर आली की लाइन मोकळी. पाण्याचं, खडीचं, गंजाचं काही देणंघेणं नाही.

---

जुना_सिग्नलवाला
बुधवार, रात्री ८:२०

आहेत, आणि आपल्याकडेही झपाट्याने वाढतायत. चांगलेच आहेत. पण त्यांची स्मरणशक्ती हाच त्यांचा दोष. ट्रॅक सर्किट क्षणाक्षणाला नव्याने बघतं, काउंटर हिशेब ठेवतो. पुरवठा गेला, किंवा गँगवाल्याचं फावडं डब्याजवळून गेलं आणि हिशेब एका चाकाने चुकला, की तो बसला रुसून. मग रिसेट करायचा, आणि रिसेट म्हणजे 'लाइन रिकामी आहे' हे यंत्राच्या वतीने माणसाने सांगणं. म्हणून त्यावर पुष्कळ बंधनं असतात.

शिवाय काउंटरला तुटलेला रूळ कळत नाही. ट्रॅक सर्किटला कळू शकतो, मात्र तुकडे पूर्ण अलग झाले तरच. नुसत्या चिरेला तेही फसतं, ते काम रूळ तपासत चालणाऱ्या कीमनच्या हातोडीचं.

तर, कोडं पडूनच राहिलंय. पाचव्या रात्री मी घरी गेलोच नाही, लोकेशन बॉक्सजवळ (रुळाकडेच्या आमच्या उपकरणांच्या पेटीजवळ) शेकोटी करून बसलो. रात्री अकराला मोजलं होतं: फीड एंडला रुळांवर २ व्होल्ट, रिले एंडला १.९. चार वाजून दहा मिनिटांनी ट्रॅक पडला. रिले एंडला ०.२. खलाशी फीड एंडला पळाला आणि तिथून ओरडला, "साहेब, इथे वाढलंय! २.८!"

---

ओहमची_सून
बुधवार, रात्री ८:४१

वाढलंय?! मग गळती नाहीच. गळती किंवा शॉर्ट असता तर बॅटरीवर ओझं वाढून फीड एंडचं व्होल्टेज खाली आलं असतं. वाढलं म्हणजे ओझं गेलं. मधे कुठेतरी सर्किट उघडलंय. रूळ तुटलाय?

पण मग नऊ वाजता जुळतो कसा...

---

मुकादमाचा_नातू
बुधवार, रात्री ९:२६

पहिल्यांदाच लिहितोय, वाचतो रोज. आजोबा गँगमध्ये मुकादम होते.

लूप लाइन म्हणजे फिशप्लेटचे (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे) सांधे असणार, तेरा-तेरा मीटरचे रूळ. थंडीत पहाटे रूळ आखडतात, सांधे उघडतात. आजोबा डिसेंबरात सांध्यात बोट घालून दाखवायचे, मे महिन्यात तिथे कागद जात नसे. उन्हाने रूळ लांबले की टोकं एकमेकांना टेकणार. मालगाडी गेली की सांधा हादरून थोडा वेळ टेकणार.

---

जुना_सिग्नलवाला
बुधवार, रात्री ९:५०

जिंकलात! आजोबांना नमस्कार सांगा, असतील तर.

सांध्यावर फिशप्लेट असते, पण गंजामुळे तिच्या भरवशावर करंट सोडत नाहीत. म्हणून सांधा ओलांडून दोन बाँड वायर असतात, एक तुटली तर दुसरी. आम्ही कंदील आणि मीटर घेऊन फीड एंडपासून सांध्यासांध्याने चाललो. अकराव्या सांध्याच्या अलीकडे २.८, पलीकडे जवळजवळ काही नाही. एक बाँड खडी ठोकताना बीटरने तुटलेला, तो लांबूनच दिसत होता. दुसरा बघायला अगदी धडधाकट. खलाशाने बोटाने ओढला तर पिनसकट हातात आला. भोक आतून गंजलेलं. म्हणजे दिवसभर तो सांधा नुसत्या रुळांच्या टोकांवर चालत होता, आणि रोजच्या फेरीत आम्ही लांबून दोन वायर मोजून पुढे जात होतो.

पाच वाजता नवे बाँड ठोकले. मग सहा वाजेपर्यंत फेल्युअर कुणाच्या खात्यावर टाकायचं यावर सिग्नल आणि पी-वे (रूळ सांभाळणारं खातं) यांचं भांडण. बीटर त्यांचा, गंजलेली पिन आमची.

---

मुकादमाचा_नातू
बुधवार, रात्री १०:०५

आजोबा गेले. पण बीटर त्यांचाच असणार, शंका नाही. :)

---

मास्तरांची_लेक
गुरुवार, सकाळी १०:३०

बाबांना फोनवर पूर्ण धागा वाचून दाखवला. म्हणाले, "पाच रात्री लागल्या? आम्ही पहिल्याच रात्री सांगितलं असेल, कुणी ऐकलं नसेल."

---

आठ_सत्तावीस
गुरुवार, रात्री ११:१४

आज शेवटून दुसरी लोकल, मुंब्र्याच्या पुढे 'ए'वाल्या लाल सिग्नलला थांबली. पहिल्यांदाच चरफडलो नाही, मोबाइलवर वेळ लावली. एकशे अठरा सेकंदांना हलली. काका, तुमचे नियम दोन सेकंदांनी मोडले.

---

जुना_सिग्नलवाला
गुरुवार, रात्री ११:२०

तुम्ही वेळ लावायला दोन सेकंद उशीर केलात. मोटरमन माझ्या ओळखीचे नसले तरी मी त्यांच्याच बाजूने.